क्षमा तिची, शिक्षा राज्याची

ओडिशातील केओंझर जिल्ह्यातल्या मनोहरपूर गावात २२ जानेवारी १९९९ च्या मध्यरात्री एका जमावाने उभी असलेली एक गाडी पेटवून दिली. गाडीत ख्रिस्ती मिशनरी ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांची दहा व सहा वर्षांची दोन मुले झोपलेली होती. तिघेही जळून मेले. स्टेन्स १९६५ साली ऑस्ट्रेलियातून आले होते आणि मयूरभंज जिल्ह्यात बारीपदा येथील कुष्ठाश्रमाचे काम पाहत होते. त्या रात्री त्यांची पत्नी ग्लॅडिस आणि मुलगी बारीपद्याच्या घरी होत्या. त्यानंतर काही दिवसांतच ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना आपण क्षमा केली असल्याचे सांगितले, आणि त्यांचे ते बोलणे गेली पंचवीसहून अधिक वर्षे प्रवचनांत, अग्रलेखांत आणि राजकीय भाषणांत सतत पुढे येत राहिले आहे. त्याच बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली होती: क्षमा करणे वेगळे आणि गुन्ह्याचे परिणाम वेगळे, या दोहोंची सरमिसळ करू नये, कायद्याने आपले काम करावे. हे दुसरे बोलणे मात्र फारसे कोणी लक्षात ठेवलेले नाही.

ही विस्मृती निरागस नाही, आणि ती ख्रिस्ती समाजाबाहेर जितकी आहे तितकीच आतही आहे. ख्रिस्ती क्षमा ही ज्याच्यावर घाव बसला त्याची स्वतःची कृती आहे. ती दुसऱ्या कोणी त्याच्याकडून वसूल करू नये, आणि त्याने ती केली म्हणून दुसऱ्या कोणी, मग तो नातेवाईक असो, चर्चचा पाळक असो वा सरकार असो, तिच्या जोरावर गुन्ह्याचा हिशेब मिटवू नये. ग्लॅडिस स्टेन्स यांची दोन्ही वाक्ये एकत्र ठेवली तरच त्यांची क्षमा समजते. त्यातले एक काढून घेतले की जे उरते ते क्षमेसारखे दिसते एवढेच.

हा वाद आज केवळ तात्त्विक राहिलेला नाही. या खटल्यात जन्मठेप भोगत असलेला महेंद्र हेम्ब्रम एप्रिल २०२५ मध्ये चांगल्या वर्तणुकीच्या आधारावर केओंझरच्या तुरुंगातून सुटला, आणि मुख्य दोषी दारा सिंग यानेही शिक्षेत सूट मिळावी म्हणून सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. अशा प्रसंगी ‘जिचा नवरा गेला, पोरे गेली तिनेच क्षमा केली आहे, मग इतरांनी कशाला कुरकुर करायची?’ हा युक्तिवाद पुढे येतोच. ऐकायला तो उदार वाटतो. पण दुसऱ्याच्या तिजोरीतून दानधर्म करण्याला औदार्य म्हणत नाहीत.

न्यायालयांनी हा युक्तिवाद कधी स्वीकारला नव्हता, हे आधी नोंदवले पाहिजे. सीबीआयच्या विशेष न्यायालयाने सप्टेंबर २००३ मध्ये दारा सिंगला फाशी आणि इतर बारा जणांना जन्मठेप सुनावली. मे २००५ मध्ये ओडिशा उच्च न्यायालयाने फाशीची जन्मठेप केली, हेम्ब्रमची जन्मठेप कायम ठेवली आणि उरलेल्या अकरा जणांना सोडून दिले. २१ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल कायम केला. या सगळ्या प्रवासात चर्चा झाली ती पुराव्याची, कोणाचा वाटा किती याची. विधवेच्या क्षमेवर कोणाची शिक्षा ठरली नाही, आणि ते योग्यच झाले.

मात्र २०११ च्या त्या निकालात एक असे वाक्य होते की ज्याने क्षमेच्या प्रश्नाला वेगळ्याच बाजूने धक्का दिला. आदिवासींच्या धर्मांतराबद्दल स्टेन्स यांना ‘धडा शिकवणे’ हा मारेकऱ्यांचा हेतू होता, अशा अर्थाचे ते विधान फाशी न देण्याच्या कारणमीमांसेत आले होते. त्यावर टीका झाली, आणि न्यायालयाने चारच दिवसांनी, २५ जानेवारीला, स्वतःहून ते काढून टाकले. न्यायाधीशांच्या मनात काय होते याची चिकित्सा करण्याचे इथे कारण नाही. पण असे वाक्य राहिले असते तर काय झाले असते, हे पाहण्यासारखे आहे. गुन्ह्याला ‘समजण्यासारखे कारण’ मिळाले की त्याचे वजन कमी होते, आणि ज्याचे वजनच नाही त्याची क्षमा करण्याजोगे काही उरत नाही. ‘जाऊ दे, त्याचाही काही राग असेल’ असे म्हणणे ही समजूत झाली. क्षमेला आधी हे म्हणावे लागते की जे घडले ते चूक होते, संपूर्ण चूक होते, आणि ते करणारा माणूस त्याला जबाबदार आहे. म्हणून सत्य लपवून केलेली क्षमा ही मुळातच क्षमा नव्हे. ज्यांना ख्रिस्ती क्षमा म्हणजे गुन्ह्यावर पांघरूण घालणे वाटते, त्यांनी तिची ही पहिली अट वाचलेलीच नसते.

आपल्याकडे शाळांच्या भिंतीवर ‘क्षमा वीरस्य भूषणम्’ लिहिलेले असते. त्या सुभाषितात क्षमा करणारा बलवान आहे. तो शिक्षा करू शकतो, पण करत नाही. त्याच्या मोठेपणाला कोण नावे ठेवील? पण क्रुसावरची प्रार्थना, ‘हे बापा, त्यांना क्षमा कर, कारण ते काय करतात हे त्यांना समजत नाही,’ ज्याच्या तोंडी आहे त्याचे हात खिळलेले आहेत. त्याच्या हाती शिक्षा करणे नाही आणि टाळणेही नाही. ग्लॅडिस स्टेन्स यांची स्थिती याच जातीची होती. परक्या देशात, लहान मुलीसह, एका कुष्ठाश्रमाची जबाबदारी अंगावर घेऊन उभी असलेली बाई कोणाला फाशी देणार होती किंवा कोणाला सोडणार होती? न्यायमूर्ती वाधवा यांच्या चौकशी आयोगापुढे दिलेल्या प्रतिज्ञापत्रात त्यांनी म्हटले की गुन्हेगारांना शिक्षा करण्याचा विचार आपल्या मनात नाही, त्यांना पश्चात्ताप व्हावा आणि ते सुधारावेत एवढीच आपली आशा आहे. हे वाक्य पुष्कळदा उद्धृत होते. ते कुठे म्हटले गेले, याकडे मात्र दुर्लक्ष होते. ते चौकशी आयोगापुढे, शपथेवर, घडलेल्या गोष्टीची नोंद करताना म्हटले गेले आहे. सूड आपल्या हातून खाली ठेवणारी बाई साक्ष द्यायचे थांबलेली नाही. सूड घेणे तिच्या हाती होते म्हणून ते तिने सोडले. शिक्षा देणे तिच्या हाती नव्हतेच, म्हणून त्याबद्दल तिने राज्याला मुखत्यारपत्रही दिले नाही आणि माफीपत्रही दिले नाही.

यावर कोणी म्हणेल की हा सगळा वकिली भेद झाला. येशूने तर दुसरा गाल पुढे करायला सांगितले. सांगितले, यात शंका नाही. पण योहानाच्या शुभवर्तमानात महायाजकापुढे उभा असताना एका शिपायाने त्याच्या तोंडात मारली, तेव्हा त्याने काय केले तेही वाचावे. त्याने गाल पुढे केला नाही आणि उलट मारलेही नाही. मी वाईट बोललो असेन तर ते सिद्ध कर, बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस, असे त्याने विचारले. अन्यायाला प्रश्न विचारण्याचा हक्क क्षमाशील माणूस गमावत नाही, याचा यापेक्षा स्पष्ट दाखला हवा कशाला? प्रेषित पौलाचे उदाहरण तर जवळजवळ विनोदी आहे. फिलिप्पै शहरात त्याला आणि सीलाला चौकशीविना फटके मारून तुरुंगात टाकले, आणि दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी गुपचूप सुटका करण्याचा निरोप धाडला. पौलाने जाण्यास नकार दिला. आम्ही रोमी नागरिक, आम्हाला चव्हाट्यावर मारले, आता चोरून घालवता? त्यांनी स्वतः यावे आणि आम्हाला बाहेर न्यावे. अधिकाऱ्यांना यावे लागले. मजा अशी की याच पौलाने रात्री भूकंपाने दारे उघडल्यावर आत्महत्येच्या बेतात असलेल्या तुरुंगाधिकाऱ्याला वाचवले होते. एकाच रात्रीत जेलरवर दया आणि सकाळी न्यायखात्याकडून जबाब! या दोन गोष्टींत विसंगती आहे असे प्रेषितांची कृत्ये लिहिणाऱ्याला मुळीच वाटलेले नाही.

मत्तयाच्या अठराव्या अध्यायाचे तर आपण फारच हाल केले आहेत. पेत्राने विचारले, भावाला कितीदा क्षमा करू, सात वेळा? उत्तर मिळाले, साताच्या सत्तर वेळा. हा भाग सगळ्यांना पाठ असतो. त्याच अध्यायात, या प्रश्नाच्या अगदी थोडे वर, भावाने अपराध केला तर काय करावे याची पद्धत दिली आहे: एकट्याला गाठून त्याचा दोष त्याला दाखव, नाही ऐकले तर एकदोघांना साक्षीला घे, तरीही नाही ऐकले तर मंडळीला, म्हणजे श्रद्धावंतांच्या समुदायाला, सांग, आणि मंडळीचेही ऐकले नाही तर तो तुला परका असो. क्षमेच्या अध्यायात साक्षीदार आहेत, दोषारोप आहे, बहिष्काराची शक्यताही आहे. पुढे येणाऱ्या निर्दय चाकराच्या दाखल्यात, जिथे धन्याने मोठे कर्ज सोडलेला चाकर आपल्या लहानशा कर्जदाराचा गळा धरतो, तिथेही एक तपशील नजरेतून सुटतो. दोन्ही कर्जदार पाया पडतात आणि म्हणतात, थोडे थांबा, मी फेडतो. कर्ज नाहीच, असे दोघांपैकी कोणीही म्हणत नाही. ‘तू क्षमा केली नाहीस तर देव तुला क्षमा करणार नाही’ हे वचन दुखावलेल्या माणसाच्या डोक्यावर सोट्यासारखे उगारणाऱ्यांनी हा दाखला पुन्हा वाचावा. त्यातला कठोर निवाडा ऋण कबूल करणाऱ्याचा गळा धरणाऱ्या चाकराला आहे. जो ऋण नाकारतो आणि वर धनकोलाच दमदाटी करतो, त्याला या दाखल्यात कुठेही अभय दिलेले नाही.

आता याच्या उलट दिशेचे एक उदाहरण घेतले पाहिजे, कारण त्याला टाळून हा विचार प्रामाणिक होणार नाही. राणी मारिया या केरळमधील पुल्लुवळी गावच्या फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या धर्मभगिनी. मध्य प्रदेशात देवास जिल्ह्यातील उदयनगर भागात त्या भूमिहीन आदिवासींना सावकारांच्या पाशातून सोडवण्याचे काम करत होत्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे निघालेल्या बसमध्ये समंदर सिंग नावाच्या तरुणाने प्रवाशांच्या डोळ्यांदेखत त्यांना भोसकून मारले. तो स्थानिक जमीनदारांच्या चिथावणीने हे करून बसला होता. त्याला जन्मठेप झाली. स्वामी सदानंद या नावाने ओळखले जाणारे एक धर्मगुरू त्याला तुरुंगात भेटत राहिले, आणि २००२ च्या राखीपौर्णिमेला राणी मारियांची धाकटी बहीण, स्वतःही धर्मभगिनी असलेल्या सेल्मी पॉल, इंदूरच्या तुरुंगात जाऊन त्याच्या मनगटाला राखी बांधून आल्या. ज्या हाताने सख्ख्या बहिणीवर चाकू चालवला तोच हात समोर धरायचा, त्याला दोरा गुंडाळायचा, गाठ मारायची. पुढे त्यांच्या आईनेही त्याला भेटून जवळ केले, कुटुंबाने त्याच्या सुटकेच्या अर्जाला पाठिंबा दिला आणि २००६ मध्ये तो बाहेर आला. नोव्हेंबर २०१७ मध्ये इंदूरला राणी मारिया यांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्याचा सोहळा झाला, तेव्हा समंदर सिंगही तिथे होता.

म्हणजे इथे क्षमेने तुरुंगाचे दार उघडायला मदत केली. मग माझा मुद्दा कोसळतो का? मला तसे वाटत नाही, आणि का वाटत नाही ते सांगतो. पहिली गोष्ट, ही मदत कुटुंबाने स्वतः, सही करून केली. त्यांच्या वतीने दुसऱ्या कोणी परस्पर केली नाही. दुसरी, सुटकेपूर्वी अकरा वर्षे गेली होती, आणि त्या काळात गुन्हेगाराने आपण केले ते स्वीकारले होते, पश्चात्ताप उघडपणे बोलून दाखवला होता. तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते: कुटुंबाचा शब्द हा शासनापुढच्या निर्णयातला एक घटक होता, निर्णय नव्हे. बळी पडलेल्याच्या घरच्यांनी दया मागावी, हा त्यांचा हक्कच आहे. पण त्यांनी मागितली नाही तर त्यांचा विश्वास कच्चा, असे म्हणण्याचा हक्क कोणालाही नाही. आणि हेही म्हटले पाहिजे की राखी बांधली गेली ती चाकू धरणाऱ्या हाताला. चाकू धरायला लावणाऱ्यांपैकी कोणी हात पुढे केल्याचे ऐकिवात नाही. हाताखालच्या माणसाला क्षमा मिळते आणि वरचे लोक त्या क्षमेच्या सावलीत निवांत बसतात, हा धोका अशा प्रत्येक प्रकरणात असतो.

मोठ्या, गाजलेल्या उदाहरणांचा सगळ्यात वाईट उपयोग लहान, न गाजलेल्या घरांत होतो. आमच्या मंडळ्यांत वावरणाऱ्या कोणालाही हे दृश्य नवे नाही. मारहाण करणाऱ्या नवऱ्याचे घर सोडून माहेरी आलेली बाई. तिच्या वडिलांच्या ओटीवर पाळकसाहेब, पंचकमिटीचे दोघे वडीलधारे, नवऱ्याचा थोरला भाऊ आणि सासू. चहा होतो. नवरा मान खाली घालून ‘चुकलं’ म्हणतो. काय चुकले ते त्याला कोणी विचारत नाही. मग तिला स्टेन्स बाईंची गोष्ट सांगितली जाते. ‘त्या माउलीने पोरांच्या मारेकऱ्यांना क्षमा केली, तुला दोन चापट्या विसरता येईनात?’ प्रार्थना होते, एक गीत म्हटले जाते, आणि सामान उचलून बाई सासरी परत जाते. पुढच्या रविवारी तिच्या हातावर नवा वळ आहे का, हे कोणी पाहत नाही, कारण प्रकरण ‘मिटले’ असते. इथे क्षमा झालीच नाही. इथे एका बाईला तिच्या सुरक्षिततेपासून तोडले गेले आणि त्याला बायबलचे नाव दिले गेले. ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना घरात राहायला बोलावले नव्हते, एवढे तरी त्या ओटीवर कोणीतरी म्हणायला हवे होते. क्षमा आणि पुन्हा एकत्र राहणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली एकट्याने होऊ शकते. दुसरीला दोघे लागतात, आणि त्यातल्या एकाला बदलावे लागते. बायबलमधल्या योसेफाने आपल्याला गुलाम म्हणून विकणाऱ्या भावांना क्षमा केली हे सर्वांना ठाऊक आहे, पण त्याआधी त्याने ओळख लपवली, शिमोनाला अडकवून ठेवले, बन्यामिनाच्या गोणीत प्याला लपवला आणि हे भाऊ आता तेच राहिले आहेत की बदलले आहेत हे पारखून घेतले. यहूदा धाकट्याच्या जागी स्वतः गुलाम व्हायला तयार झाला तेव्हाच योसेफाने रडत आपली ओळख दिली.

चर्चच्या स्वतःच्या घरातले उदाहरण तर याहून लाजिरवाणे आहे. ग्रॅहॅम स्टेन्स ज्या देशातून आले त्या ऑस्ट्रेलियात २०१३ ते २०१७ या काळात एका शाही आयोगाने संस्थांमधील बालकांच्या लैंगिक शोषणाची चौकशी केली, आणि त्यात धार्मिक संस्थांनी तक्रारी कशा दाबल्या, आरोपी धर्मगुरूंच्या नुसत्या बदल्या कशा केल्या, हे सविस्तर बाहेर आले. आयर्लंडमध्ये आणि अमेरिकेत त्याआधीच असे चित्र समोर आले होते. क्षमेची भाषा ही अशा ठिकाणी संस्थेची ढाल बनते. पश्चात्तापाचे शब्द गुन्हेगार बोलतो, क्षमेचे शब्द बिशप बोलतो, आणि ज्या मुलावर अत्याचार झाला ते या सगळ्या संभाषणात कुठेच नसते. पोलिसात जायच्या ऐवजी कबुलीजबाबाच्या पेटीत जाणे ज्यांना सोयीचे वाटले, त्यांनी क्षमेच्या संस्काराचे जेवढे नुकसान केले तेवढे कोणत्याही नास्तिकाने केले नसेल.

राज्य जेव्हा क्षमेची भाषा बोलू लागते तेव्हा काय होते, याचा सर्वांत प्रामाणिक प्रयोग वर्णभेदी राजवट संपल्यावर दक्षिण आफ्रिकेत झाला. सत्य आणि समेट आयोगाचे अध्यक्षपद आर्चबिशप डेस्मंड टुटू यांच्याकडे होते, १९९६ पासून सुनावण्या झाल्या, आणि राजकीय हेतूने केलेल्या गुन्ह्याची संपूर्ण हकिकत उघड करणाऱ्याला माफी मिळू शकत होती. टुटूंनी त्याला उघडपणे ख्रिस्ती क्षमेची चौकट दिली. त्या प्रयोगाबद्दल मला आदर आहे. देश यादवीपासून वाचला यात त्याचा वाटा मोठा आहे. तरीही पोलीस कोठडीतील छळाने मेलेले वर्णभेदविरोधी नेते स्टीव्ह बिको यांच्या कुटुंबाने इतर काही कुटुंबांसह त्या माफीच्या कायद्याला घटना न्यायालयात आव्हान दिले. आमचा न्याय मागण्याचा हक्क तुम्ही परस्पर कसा काढून घेता, असा त्यांचा प्रश्न होता. न्यायालयाने १९९६ मध्ये कायदा वैध ठरवला. कायद्याच्या दृष्टीने कुटुंब हरले, पण प्रश्न तसाच उभा आहे, आणि त्या कुटुंबाला क्षमाशून्य म्हणणे हा शुद्ध अन्याय होईल. गंमत म्हणजे बिकोंच्या मृत्यूशी संबंधित पोलिसांना पुढे आयोगानेच माफी नाकारली. कायद्याने माफीसाठी पश्चात्तापाची अट घातली नव्हती. फक्त सत्य मागितले होते. म्हणजे राज्याला क्षमेची भाषा बोलतानाही शेवटी सत्यापाशीच थांबावे लागले.

आपल्याकडे तेवढेही होत नाही. स्टेन्स यांच्या हत्येनंतर नऊ वर्षांनी त्याच ओडिशात, कंधमाल जिल्ह्यात, ऑगस्ट २००८ मध्ये विश्व हिंदू परिषदेचे नेते स्वामी लक्ष्मणानंद सरस्वती यांच्या खुनानंतर ख्रिस्ती वस्त्यांवर हल्ले झाले, माणसे मेली, घरे आणि प्रार्थनामंदिरे जळाली आणि हजारो लोक छावण्यांत गेले. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला नोंदवावे लागले की दाखल झालेल्या ८२७ प्रकरणांपैकी ३१५ प्रकरणे पुढे गेलीच नाहीत, आणि त्यांचा फेरविचार व्हावा असे न्यायालयाने सांगितले. ज्याची फिर्याद चौकीतच पडून राहते, ज्याला गावात परतायचे तर ‘झाले गेले विसरून’ जावे लागते, त्याच्या मौनाला क्षमा म्हणण्याची आपल्याला फार घाई असते. क्षमेला निवड लागते. ज्याच्यापाशी दुसरा पर्यायच नाही, त्याने क्षमा केली की तो हतबल झाला, हे बाहेरून ओळखता येत नाही, आणि कदाचित त्यालाही येत नसेल. म्हणून न्याय हा क्षमेचा शत्रू आहे असे जे मानतात त्यांचे गणित उलटे आहे. फिर्याद नोंदली जाते, साक्षीदाराला संरक्षण असते, न्यायालय ऐकते, अशा ठिकाणीच दुखावलेला माणूस खऱ्या अर्थाने म्हणू शकतो की माझ्या बाजूने मी हे सोडले.

मग क्षमा नेमके काय करते, हा प्रश्न उरतो. कारण एवढी वजाबाकी केल्यावर कोणी म्हणेल की तुम्ही तिच्यात काही ठेवलेच नाही. हल्ली एक सोपे उत्तर बाजारात आहे: स्वतःच्या मनःशांतीसाठी क्षमा करा, रक्तदाब ताब्यात राहतो. राहत असेलही. पण आरोग्यासाठी केलेली क्षमा ही फेरफटक्यासारखी आहे, त्यात समोरच्या माणसाला जागाच नाही. ख्रिस्ती क्षमेत समोरचा माणूस केंद्रस्थानी आहे. ज्याने मला उद्ध्वस्त केले त्याचे भले व्हावे, तो सुधारावा, असे मी म्हणतो, आणि ते म्हणणे मला आवडत नसतानाही म्हणतो. ग्लॅडिस स्टेन्स यांच्या प्रतिज्ञापत्रातील आशा नेमकी ही होती. आणि तिला कृतीचे पाठबळ होते. त्या सामान गुंडाळून लगेच मायदेशी गेल्या नाहीत. पाच वर्षे बारीपद्यातच राहिल्या, कुष्ठाश्रम चालू ठेवला, २००४ मध्ये तिथे ग्रॅहॅम स्टेन्स यांच्या नावाचे रुग्णालय उभे राहिले, आणि २००५ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. ज्या प्रदेशातल्या माणसांनी कुटुंब जाळले त्याच प्रदेशातल्या माणसांच्या जखमा पुसत राहणे, यात द्वेषाला आपल्या पुढच्या आयुष्याचा आराखडा ठरवू न देण्याचा निर्धार आहे. क्षमेचे काम तिथे आहे. मारेकऱ्याचे तुरुंगातले दिवस मोजण्याशी तिचा संबंध नाही.

‘साताच्या सत्तर वेळा’ याचा मला पटलेला अर्थही यातूनच लागतो. तो आकडा बहुधा वेगवेगळ्या अपराधांचा नाही. एकाच मोठ्या अपराधाचा असावा. खोल जखम एकदा क्षमा करून बंद होत नाही. मुलाचा वाढदिवस येतो, वर्तमानपत्रात आरोपीचा फोटो येतो, आणि जे मागच्या महिन्यात सोडले होते ते पुन्हा हातात येऊन बसते. पुन्हा सोडावे लागते. हे ज्याला माहीत आहे तो कोणालाही ‘अजून क्षमा केली नाहीस का?’ असे विचारणार नाही. आणि ज्याला हे अजून जमलेले नाही त्याला प्रभुभोजनाच्या रांगेत अपराधी वाटायला लावणे ही निष्ठुरता आहे. स्तोत्रसंहितेत सूडाची मागणी करणारी स्तोत्रे आहेत. ती कोणी गाळलेली नाहीत. देवापुढे आधी राग बोलून दाखवण्याची परवानगी शास्त्रानेच दिली आहे, ती पाळकाने काढून घेऊ नये.

पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात बाराव्या अध्यायाच्या शेवटी सूड स्वतः घेऊ नका असे सांगितले आहे, आणि तेराव्याच्या सुरुवातीलाच अधिकारी तलवार व्यर्थ धारण करत नाही असे म्हटले आहे. मधली अध्यायाची रेषा पुष्कळ शतकांनी कोणीतरी आखली. दोन्ही गोष्टी एका दमात वाचायच्या आहेत: माझ्या हातातून तलवार खाली ठेवायची, आणि राज्याच्या हातात ती न्यायाने वापरली जाईल याचा आग्रह धरायचा. यातून मी फाशीचे समर्थन काढत नाही. दारा सिंगची फाशी रद्द झाली याबद्दल मला खेद नाही, आणि जन्मठेपेच्या कैद्याला कधीच सूट मिळू नये असेही माझे म्हणणे नाही. माणूस बदलू शकतो, यावर विश्वास नसेल तर क्षमेची भाषा बोलूच नये.

पण सूट ही राज्याची कृती आहे, तिचे नियम आहेत, आणि त्या नियमांनुसारच तिचा विचार व्हावा. गुजरातमध्ये बिल्किस बानो प्रकरणातील अकरा दोषींना १५ ऑगस्ट २०२२ रोजी सोडले, तेव्हा निर्णयापूर्वी आपल्या सुरक्षिततेची कोणी विचारपूसही केली नाही, असे तिला जाहीरपणे सांगावे लागले. बाहेर मात्र हारतुरे आणि मिठाई होती. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सूट रद्द केली, कारण खटला मुंबईत चालला होता आणि निर्णयाचा अधिकार महाराष्ट्र शासनाचा होता. हेम्ब्रम सुटला तेव्हाही त्याच्या स्वागताला हार घेऊन माणसे उभी होती. कैदी सुधारला का, हा प्रश्न सूट देताना विचारायचा असतो. त्याचे स्वागत करणाऱ्यांना त्याने केले ते चूक वाटते का, हा प्रश्नही त्या प्रदेशातल्या उरलेल्या ख्रिस्ती कुटुंबांच्या दृष्टीने कमी महत्त्वाचा नाही. दारा सिंगच्या अर्जावर जो अधिकारी टिपणी लिहील त्याने कैद्याचे वर्तन पाहावे, भोगलेली वर्षे मोजावीत, पश्चात्तापाचा काही पुरावा आहे का ते तपासावे, सुटकेनंतर मनोहरपूरसारख्या गावांत काय होईल याचा अहवाल मागवावा आणि बळी गेलेल्यांच्या कुटुंबाला काही म्हणायचे असल्यास त्यांना ते म्हणू द्यावे. ‘मयताच्या पत्नीने यापूर्वीच क्षमा केलेली आहे’ हे वाक्य मात्र त्या टिपणीत नसावे.